येईल त्याच्यासाठी

आमच्या मिरजेच्या घरी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर पाच डबे असत. दोन पितळेचे, दोन जर्मनचे, आणि एक वनस्पती तुपाचा, रिकामा झाल्यावर घासूनपुसून घेतलेला, पिवळ्या पत्र्याचा. दिवाळी होऊन गेली की लोकांचे डबे रिकामे होतात. आमचे होत नसत. चकली संपली की तिच्या जागी कडबोळी येई, लाडू संपले की शंकरपाळे येत, आणि दुसरे काही नसले तरी पातळ पोह्यांचा चिवडा असेच असे. लहानपणी मी एकदा आईला विचारले, "हा चिवडा कोणासाठी?" ती भाजणी चाळीत होती. मान वर न करता ती म्हणाली, "येईल त्याच्यासाठी." मला ते उत्तर टाळाटाळीचे वाटले. डबा आपल्यासाठी नाही एवढाच बोध मी त्यातून घेतला, आणि व्यवहारात तो खोटा नव्हता.

मिरजेत राहणाऱ्या माणसाला 'येईल तो' म्हणजे कोण हे समजावून सांगावे लागत नाही. माझ्या लहानपणी, म्हणजे १९८० च्या दशकात, मिरज जंक्शनवर तीन निरनिराळ्या रुंदीचे रूळ एकत्र येत. पुण्या-कोल्हापूरची गाडी रुंद मार्गावरून धावे, हुबळीकडची मीटर मार्गावरून, आणि पंढरपुरावरून कुर्डुवाडीला जाणारी लहानशी गाडी अरुंद मार्गावरून. एका गाडीतून उतरलेल्याला दुसरी लगेच मिळावी अशी व्यवस्था रेल्वेने सहसा केलेली नसे. मधले तीन-चार तास कोठे काढायचे? दूरचा का होईना, पण ज्याचा कोणी नातलग मिरजेत असेल तो त्याच्याकडे येई. त्यातून मिरज हे दवाखान्यांचे गाव. मिशनच्या मोठ्या रुग्णालयापासून ही परंपरा चालत आलेली, आणि तेव्हा कोकणातून, कर्नाटकातून रोग्यांची रीघ लागलेली असे. आपले माणूस दवाखान्यात ठेवून आलेल्याला भूक लागलेली असते; पण ती बोलून दाखविण्याची त्याला लाज वाटते. अशा माणसासमोर ताटली ठेवायची ती तो 'नको, नको' म्हणत असतानाच ठेवली पाहिजे. चूल पेटवून स्वयंपाकाला लागावे तर तो संकोचाने उठून जातो. वरच्या फळीवरचे डबे होते ते यासाठी. कोणी निरोप देऊन येणार असते तर त्या डब्यांची गरजच पडली नसती.

या पदार्थांना आपण फराळ म्हणतो. शब्द मूळचा 'फलाहार'. फळे खाऊन राहावे, अन्न वर्ज्य करावे, या व्रतस्थ कल्पनेतून निघालेला हा शब्द साबुदाण्याच्या खिचडीच्या वाटेने चकलीपर्यंत येऊन पोचला. याबद्दल भाषेला दोष देण्यात अर्थ नाही. ती माणसांच्याच तोंडात वाढते.

फराळाच्या पदार्थाकडून दोन गोष्टींची अपेक्षा असते. तो टिकला पाहिजे, आणि डब्यातून काढल्याबरोबर तो वाढता आला पाहिजे. शीतकपाट नसलेल्या घरात हे साधायचे तर पदार्थातले पाणी घालविले पाहिजे. माझ्या आईला रसायनशास्त्राचा गंध नव्हता. पण कढईतल्या चकलीभोवतीचे बुडबुडे मंदावले की ती झाली, हे तिला ठाऊक होते. ते बुडबुडे म्हणजे बाहेर पडणारी पाण्याची वाफ. जाळ मोठा केला तर चकली वरून तांबूस होते आणि आत पाणी राहते. दुसऱ्या दिवशी ती मऊ पडते. मोहन कमी पडले तर दात दुखावतात, जास्त झाले तर चकली तेलात विरते. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी मुगाची आणि अर्धी उडदाची, शिवाय धने-जिरे, हे सारे वेगवेगळे भाजून दळायचे. एकत्र भाजले तर एक करपते आणि दुसरे कच्चे राहते. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली प्रसिद्ध झाले आणि वाटी-चमच्याची ही मापे घरोघर छापील स्वरूपात पोचली. आमच्याकडेही ते पुस्तक होते. आई ते वाचीत असे, त्याच्याशी वाद घालीत असे, आणि शेवटी आपल्याच मापाने करीत असे.

चकली बिघडली तरी खाता येते. अनारशाचे तसे नाही. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचे, नंतर ते निथळून सावलीत सुकवायचे आणि किंचित ओलसर असतानाच कुटायचे. त्या पिठात साखर किंवा किसलेला गूळ कालवून गोळे करायचे आणि ते डब्यात चार-सहा दिवस मुरू द्यायचे. मग खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून, मंद आचेवर तुपात सोडायचे. तो उलटायचा नाही. झाऱ्याने तूप उडवीत वरची बाजू तळायची. इतके करूनही पीठ बिघडलेले असले तर अनारसा तुपात पडताच पसरतो, विस्कटतो. याला आमच्याकडे 'अनारसा हसला' म्हणतात. कढईतला अनारसा हसू लागला की कढईपुढची बाई रडकुंडीला येते. या शब्दप्रयोगातला विनोद पहिल्यांदा कोणा बाईलाच सुचला असला पाहिजे. पुरुष त्या वेळी ओसरीवर होते.

पुढे मी मराठी घेऊन एम. ए. झालो, स्पर्धा परीक्षा दिली आणि केंद्र सरकारच्या हिशेबतपासणीच्या नोकरीत शिरलो. या नोकरीने मला प्रांतोप्रांती फिरविले. प्रत्येक बदलीच्या गावी मला अनारसा भेटत गेला, हा माझ्या सेवेतला एक अनपेक्षित लाभ. तमिळनाडूत त्याला अधिरसम म्हणतात, आंध्र-तेलंगणात अरिसेलु, कर्नाटकात कज्जाय, ओडिशात आरिसा, आणि बिहारात जवळजवळ आपलेच नाव, अनरसा. भिजवून कुटलेले तांदूळ, गोडासाठी गूळ किंवा साखर, आणि तळणी, हे कूळ एक. मात्र दक्षिणेत आणि ओडिशात गुळाचा पाक करून त्यात पीठ घालतात, तर आपण पाक न करता पीठ नुसते मुरवितो. त्यामुळे आपल्या अनारशाला जाळी पडते आणि त्यांचा आतून मऊ राहतो. कोणता श्रेष्ठ, हा प्रश्न मी शासकीय सेवेत असेपर्यंत अनिर्णित ठेवणार आहे.

आता ज्या प्रसंगासाठी हे सारे सांगतो आहे त्याकडे वळतो.

सरकारी नोकराच्या दिवाळीत फराळ हा अवघड विषय असतो. केंद्रीय नागरी सेवेच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतील १३ वा नियम देणग्या आणि भेटी यांच्याबद्दल आहे. प्रासंगिक जेवण किंवा तशा प्रकारचे सामाजिक आतिथ्य ही भेट समजू नये, असे त्यात स्पष्ट केलेले आहे; मात्र ज्यांच्याशी कामाचा संबंध येतो त्यांचे उंची किंवा वारंवारचे आतिथ्य टाळावे, असेही त्यात आहे. नियम करणाऱ्यांना माणसे चांगली कळत होती असे मी आता म्हणतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मला त्यातला दुसरा भाग तेवढा दिसत असे. दिवाळीत दारी येणाऱ्या मिठाईच्या चकचकीत खोक्यांवरून डोळे इतके सावध झालेले होते की, घरच्या चिवड्याच्या वाटीतही मला खोके दिसू लागले होते.

२००७ च्या डिसेंबरात मी ओडिशात होतो. एका तालुक्याच्या गावी आमचे तपासणी पथक काम करीत होते आणि त्याच्या देखरेखीसाठी मी दोन दिवस गेलो होतो. तेथल्या कार्यालयाच्या रोखवहीत काही नोंदी जुळत नव्हत्या आणि रोखपालाकडे खुलासा मागितलेला होता. परतताना गाडीचे चाक बसले. जागा नेमकी त्या रोखपालाच्या गावाजवळची. तो सायकलवरून घरी चालला होता. आम्हांला पाहून थांबला आणि चाक बदलेपर्यंत घरी चला म्हणाला. माझे सहकारी उतरले, म्हणून मीही गेलो.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. आपल्याकडे या गुरुवारी महालक्ष्मीचे व्रत करतात. ओडिशातही करतात, त्याला माणबसा म्हणतात. दारापासून आतपर्यंत तांदळाच्या पांढऱ्या पिठाने लक्ष्मीची पावले आणि धान्याच्या लोंब्या रेखलेल्या होत्या. रोखपालाची म्हातारी आई काशाच्या ताटलीत आरिसे आणि तांब्यात पाणी घेऊन आली. मी हात जोडले आणि 'काही नको' म्हटले. तिने ताटली पुन्हा पुढे केली. मी पुन्हा नको म्हटले आणि आपण नियमाला जागलो या समाधानात हातातल्या बाटलीतले विकतचे पाणी प्यालो. म्हातारी काही बोलली नाही. तिने तांब्या उचलला, ताटली उचलली आणि ती आत गेली.

गाडी चालू झाल्यावर माझे वयस्क ओडिया सहकारी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "साहेब, ते लोक कोणत्या समाजाचे आहेत हे आपल्याला कोणी सांगितले होते का?"

मी म्हणालो, "नाही. का?"

"मग आपल्याला ते ठाऊक नव्हते, हे त्यांना कसे कळावे?"

मला घाम फुटला. मी पाण्याची बाटली तोंडाला लावलेली त्या म्हातारीने पाहिली होती. तिच्या साऱ्या आयुष्यात तिच्या हातचे पाणी नाकारणाऱ्यांची कारणे एकाच प्रकारची होती. माझे कारण १३ व्या नियमातले आहे हे तिला कसे उमगणार? सहकाऱ्यांनी मग त्या गुरुवारची कथाही सांगितली. बलराम दास यांच्या लक्ष्मीपुराणात लक्ष्मी श्रिया नावाच्या चांडाळ स्त्रीच्या घरी तिची पूजा स्वीकारायला जाते. त्याबद्दल तिला मंदिराबाहेर घालवितात. पुढे अन्नान्न करीत फिरलेले जगन्नाथ आणि बलभद्र तिच्याच दारी जेवतात. ओडिशातल्या घरोघरी त्या गुरुवारी ही कथा वाचतात. त्या घरीही ती सकाळी वाचलेली असणार. आणि दुपारी दारात मी.

या बाबतीत तळणाला एक इतिहास आहे, तो मला नंतर नीट कळला. उत्तर हिंदुस्थानात अन्नाचे 'कच्चे' आणि 'पक्के' असे दोन भेद मानीत. पाण्यात शिजविलेले ते कच्चे, तुपात तळलेले ते पक्के. कच्चे अन्न फक्त आपल्या किंवा वरच्या जातीच्या हातचे चाले. पक्क्याला सवलत अधिक होती, प्रवासात ते जवळ बाळगता येई, दुसऱ्याच्या घरी घेता येई. आपल्याकडे शब्द वेगळे असले तरी रीत फारशी वेगळी नव्हती. वरणभाताला सोवळे लागे, लाडू-चिवड्याला तितके लागत नसे. म्हणजे फराळ केवळ टिकतो म्हणून पाहुण्याला दिला जात नसे. जातीचा उंबरठा थोडासा तरी ओलांडू शकणारे तेवढेच खाणे होते. पण ती सवलतही सर्वांना नव्हती. ज्यांच्या हातचे पाणी चालत नसे त्यांच्या हातची चकलीही चालत नसे. स्वातंत्र्यापूर्वी समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजने घडवून आणली ती हा उंबरठा मोडण्यासाठी. आणि त्यानंतर इतक्या वर्षांनी, अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या संविधानाची शपथ घेतलेल्या मी, काहीही मनात नसताना, तळलेला आरिसासुद्धा परत पाठविला होता. आपल्या मनात काय नव्हते हे समोरच्याला दिसत नाही. त्याला आपला हात मागे गेलेला दिसतो.

सुटीत मिरजेला गेलो तेव्हा आईला हे सांगितले. माझ्या नियमात तिला काडीचाही रस वाटला नाही. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: "तिनं तांदूळ किती दिवस भिजवले होते?"

हा प्रश्न मला तेव्हा विचित्र वाटला. आता वाटत नाही. आजवर मी पाहुणचाराबद्दल जे बोललो ते सारे ओसरीवर बसणाऱ्याचे बोलणे झाले. आईचा हिशेब वेगळा होता. दिवाळीपूर्वीचे चार दिवस ती कढईसमोर बसे. त्या काळी शिधापत्रिकेवर सणाची जादा साखर आणि पामतेल मिळे. त्या रांगेत वडील उभे राहत आणि आपण दिवाळी केली असे समजत. पुढे वर्षभर दर पंधरा दिवसांनी कोणता तरी डबा तिने पुन्हा भरलेला असे. आलेले पाहुणे वडिलांना म्हणत, "वहिनींच्या हाताला चव आहे हो." वहिनी त्या वेळी दाराआड चहा गाळीत असत. पाहुण्यांबरोबर बसून ताटलीतली चकली उचललेली आई मला एकदाही आठवत नाही. मुलगी पाहायला आलेल्यांसमोर पोह्यांच्या बशा घेऊन येण्याची जी रीत होती, आणि काही घरांत आजही आहे, तीही याच शाळेतली पहिली परीक्षा म्हणायची. 'येईल त्याच्यासाठी' हे उदार वाक्य खरे व्हायचे तर घरातले एक माणूस कायमचे उभे असावे लागे.

म्हणून आता घरोघरचे डबे रिकामे पडल्याबद्दल जे हळहळतात त्यांच्यात मला पूर्णपणे सामील होता येत नाही. मुंबईत गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यांचे 'लिज्जत' आज सर्वांना ठाऊक आहे. घरात फुकट होणाऱ्या कामाला दाम मिळू शकतो ही गोष्ट त्यांनी सिद्ध केली. आज गल्लोगल्ली बायका चकल्या-करंज्यांच्या मागण्या घेतात, २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करतात, आणि टपाल खाते दिवाळीपूर्वी त्यांचे फराळाचे पुडे परदेशी पोचविते. गुडघे दुखू लागल्यावर माझी आईदेखील दोन गल्ल्या पलीकडच्या एका बाईकडून चकली आणू लागली. मला वाटले, तिला यात कमीपणा वाटत असेल. ती म्हणाली, "ती माझ्यासारखीच करते. शिवाय तिला पैसे मिळतात. मला कोणी दिले होते?" विकतचा फराळ आणि घरचा फराळ यांविषयी मी अनेक लेख वाचले आहेत, या प्रश्नाचे उत्तर त्यांपैकी एकातही मला आढळले नाही.

तरीही एक गोष्ट खरी. खोके कोणासाठी तरी विकत घेतलेले असते, त्यावर नाव असते, आणि म्हणूनच ते माझ्या दारी आले की मी १३ वा नियम काढतो. डब्यावर नाव नसते. दिल्लीच्या सरकारी वसाहतीत माझी पत्नीही नोकरी करते. चिवडा मी करतो, आणि त्याचे पोहे निम्म्या वेळा आकसतात. फळीवर डबा एकच आहे. वीजजोडणी पाहायला आलेला माणूस, चुकून आमच्या दारी आलेला कोणा दुसऱ्याचा पाहुणा, असे कोणी आले की तो उघडतो. कधीकधी आठ-आठ दिवस कोणी येत नाही. मग तो आम्हीच संपवितो, आणि मला थोडेसे चोरी केल्यासारखे वाटते.

त्या रोखपालाच्या घरची हकीकत अर्धी राहिली. त्याच्या रोखवहीवरचा आक्षेप मी काढून टाकला नाही. तो बरोबर होता. रक्कम किरकोळ निघाली, तिची वसुली झाली, अहवाल निघाला, आणि पुढच्या वर्षी माझी दुसऱ्या कार्यालयात बदलीही झाली. आता आमचा कामाचा काही संबंध उरला नाही अशी खात्री झाल्यावर मी त्याला पत्र लिहिले. त्या दिवशी घडले त्याचे कारण लिहिले आणि क्षमा मागितली. पत्राबरोबर आईने केलेल्या अनारशांचा डबा पाठविला. डबा निवडला आईनेच, फळीवरच्या जर्मनच्या दोहोंपैकी झाकण घट्ट बसणारा.

दीड-दोन महिने काही आले नाही. मग एक दिवस मिरजेच्या पत्त्यावर, आईच्या नावाने, पार्सल आले. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये ही रीत तिकडेही असावी. आत आरिसे होते आणि रोखपालाच्या हातची हिंदीतली एक ओळ: माझ्या आईने तुमच्या आईला पाठविले आहेत. माझा त्यात उल्लेख नव्हता.

आईने एक आरिसा मोडून उजेडात धरला. "जाळी नाही. पाकातला दिसतोय," ती म्हणाली. मग तुकडा तोंडात टाकून बराच वेळ चावीत राहिली.

"पण हसू दिला नाही हो तिनं."